दीडशे, साठ, सतरा

स्पोर्ट्‌स बाइकच्या मालकाचं खरं चरित्र त्याच्या मागच्या टायरवर लिहिलेलं असतं. तोंडाने तो ताम्हिणीच्या वळणांवर गुडघा टेकवल्याच्या कथा सांगतो. टायर मात्र मधोमध पोळपाटासारखा सपाट आणि दोन्ही कडांना नुकता कारखान्यातून आल्यागत कोरा. कारण रोजची वाट कर्वे रस्त्याची, आणि तिथे गाडी झुकवायची संधी फक्त पीएमपीच्या बसला चुकवताना मिळते. या कोऱ्या पट्ट्यांना बाइकवाले ‘चिकन स्ट्रिप्स’ म्हणतात. रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर गाड्या लागल्या की नजर आधी तिथेच जाते. अब्रू वाचवायला पॉलिश पेपरने कडा घासणारे महाभागही आहेत.

कोथरूडचा केटीएम आरसी ३९०वाला त्यांच्यातलाच. गाडी बजाजच्या चाकणच्या कारखान्यातली, म्हणजे तशी गाववालीच. नाव ऑस्ट्रियन, टायर जर्मन घराण्याचे. २०१४ मध्ये ही आरसी भारतात आली ती पायात मेट्झेलर घालूनच. एके दिवशी पंक्चरवाल्याने मागचं चाक हाताने फिरवलं आणि निकाल दिला, “दादा, टायर गोटा झालाय.”

“रेसमध्ये गोटेच वापरतात, भाऊ.”

“मग रेसमध्येच पंक्चर काढा.”

मोटोजीपीच्या स्लिक टायरला खाचा नसतात, हे खरं. कोरड्या ट्रॅकवर जितकं रबर जमिनीला टेकेल तितकं बरं. पण ते टायर आधी विजेवर चालणारी वेष्टणं गुंडाळून चांगले तापवलेले असतात, आणि ट्रॅक ओला झाला की तेच जगज्जेते खाचांचे टायर घालायला निमूट माघारी येतात. रस्त्यावरच्या गाडीला ही सोय नाही. खाचांचं मुख्य काम पाणी बाजूला सारण्याचं, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर ते काम भरपूर असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा उथळ चालत नाही. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की वाद संपला.

संशोधन सुरू झालं. आधी जुन्या टायरच्या अंगावरचा मजकूर: १५०/६० आर १७ एम/सी ६६ एच. दीडशे म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. साठ म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के उंची. ‘आर’ रेडियलचा, सतरा इंचांची रिम, एम/सी म्हणजे मोटारसायकलसाठी, ६६ म्हणजे तीनशे किलोपर्यंत भार आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडी पळते साधारण १७०. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत दुचाकीची कमाल मर्यादा ६०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तरी गड्याचा जीव ‘डब्ल्यू’वर, म्हणजे ताशी २७० वर. प्रवास कोथरूड ते हिंजवडी.

पुढचा आठवडा ‘पिरेली की मेट्झेलर’ यात गेला. ऑफिसातल्या दोन मित्रांचं त्यावरून बोलणं बंद व्हायची वेळ आली. मेट्झेलर ही म्युनिकची १८६३ ची कंपनी १९८६ पासून पिरेलीच्याच घरात नांदते आहे, हे कळल्यावर दोघेही जरा ओशाळले आणि मग एकत्र येऊन देशी टायरवर घसरले. तिथेही इतिहास आडवा आला. एमआरएफची सुरुवात १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. हवा भरून विकायचा अनुभव त्यांच्याकडे दांडगा आहे. सिएट मूळची इटलीच्या तुरिनची. त्यामुळे इटालियन टायरसाठी अडून बसलेल्याच्या बाबांची स्कूटरही बहुधा इटालियन वंशाच्याच रबरावर वर्षानुवर्षं मंडईत जात होती, कुणाला न सांगता.

यानंतर प्रत्येक स्पोर्ट्‌स बाइकवाल्याला होतो तो मोह झाला: एकशेसाठचा टायर टाकू, मागून गाडी भारदस्त दिसते. दिसते, शंकाच नाही. पण ३९० ची मागची रिम चार इंची. तिच्यावर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, माथा उंचावतो आणि कंपनीने ठरवलेला आकार बिघडतो. वळणावर गाडी वेगळं वागू लागते. रुंदीचे जादा पैसे मोजून पकड कमी करून घेणं हा शौक महाग आहे.

शेवटी स्वारी नाना पेठेत. तिथल्या दुकानदार काकांनी ब्रँडचं नावसुद्धा काढलं नाही.

“रोज किती चालते?”

“तीस-पस्तीस.”

“पावसात?”

“रोज.”

“घाटात?”

“म्हणजे… जायचंय.”

काकांनी ट्रॅकसाठीचा मऊ टायर शांतपणे परत मांडणीवर ठेवला. मऊ रबर पकड चांगली देतं, पण तापल्यावर. सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्या गाडीत ते धड तापत नाही आणि झिजतं मात्र भराभर. त्यांनी काढला तो दोन रबरांचा टायर, मध्ये कठीण आणि कडांना मऊ. अशा माणसाला हाच योग्य. सरळ रस्त्यावर मधला भाग टिकतो, कडा त्या ‘जायचंय’साठी राखून ठेवता येतात. ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी रबरात सिलिका मिसळलेली असेल तर आणखी चांगलं.

पैसे देताना काकांनी विचारलं, “नायट्रोजन भरू?” साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच. पण गड्याने तेवढा ‘डब्ल्यू’ सोडला होता. उरलेल्या बावीस टक्क्यांची हौस त्याने भागवून घेतली.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा घासाघीस करण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. ०७२३ असेल तर तो २०२३ च्या सातव्या आठवड्यातला. सवलतीचा टायर फार जुना निघाला तर दुसरा मागा. बसवताना बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते उभं राहून बघा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेताने चालवा आणि टपरीवर कुणी कडांकडे बघून हसलंच, तर खुशाल हसू द्या.