एवढ्यानं काय होते?

पंगतीत आग्रह करणारा माणूस लोणारात शोधावा लागत नाही, तोच आपल्याला शोधत येतो. रोडग्यांच्या जेवणात वांग्याच्या भाजीची बादली घेऊन तो ओळीच्या टोकाला उभा असतो. पत्रावळीवर आडवा धरलेला हात ही नकाराची खूण आहे, हे त्याला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही. भाजी नेमकी कुठं वाढायची ते या हातानं दाखवलं जातं, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढं कितीही, बाई की बाप्या याला महत्त्व नाही, आणि ब्रीदवाक्य एकच: ‘घे ना भाऊ, एवढ्यानं काय होते?’ लग्न, तेरवी, भंडारा ही त्याची नेहमीची रणांगणं. पण त्याची खरी कसोटी लागते ती ओळखीतलं कुणी संभाजीनगरला किंवा नागपूरला जाऊन वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घरी परततं तेव्हा.

या ऑपरेशनबद्दल त्याला आदर आहे, कारण 2011 साली खुद्द नितीन गडकरींनी ते मुंबईत करून घेतलं हे त्याच्या लक्षात आहे. आत काय केलं जातं याचा मात्र त्याला पत्ता नसतो. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरतं ते साधारण केळ्याच्या आकाराचं. अशा पोटाच्या माणसाला भेटायला आपला गृहस्थ डझनभर केळी घेऊन येतो. खाटेशेजारी बसल्यावर त्याची नजर तीस मिलिलिटरच्या त्या इवल्या प्लास्टिकच्या पेल्यावर जाते. तो उचलतो, उजेडात धरतो, आतली खुणेची रेघ पाहतो, आणि विचारतो, ‘हे काय बाप्पा, पोलिओचा डोस हाय का?’ मग स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं, ‘वहिनी, थोडासा शिरा टाका बरं. माणूस उपाशी मारता काय?’

शहाणे लोक अशा पाहुण्याला दारातूनच वाटेला लावावं म्हणतात. मला तो सल्ला पटत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रोग्याला ज्या एका गोष्टीची सगळ्यात जास्त गरज असते, ती याच्याकडे अमाप आहे, फक्त चुकीच्या भांड्यात भरलेली आहे. साधा हिशेब करू. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवं असं आहारतज्ज्ञ सांगतात. एका वेळी तीस मिलिलिटर, म्हणजे पन्नास पेले. माणूस पंधरा तास जागा धरला तर दर अठरा मिनिटांनी एक. आता हे पन्नास पेले तो स्वतःहून मागेल काय? नाही मागणार. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, नेमका तोच भाग काढून टाकलेला असतो. भूक गेलेली, मळमळ आलेली, पाण्याचा घोटसुद्धा छातीत अडकल्यासारखा वाटतो. तेव्हा तो ‘नंतर घेतो’ म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यांत रोग्याला पुन्हा दवाखान्यात आणावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे ठळक कारण आहे. लोणारहून संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात चक्कर येणाऱ्या माणसाला सलाइनसाठी तेवढं न्यायचं म्हणजे काय, ते नेणाऱ्याला विचारा. थोडक्यात, दिवसाला पन्नास वेळा, न थकता, न रागावता, ‘नको’ हा शब्द ऐकूच न येता घोट पुढं करणारं कुणीतरी हवं. असा माणूस पगार देऊनही मिळत नाही. इथं तो केळी घेऊन स्वतः चालत आलाय, आणि आपण त्याला हाकलायला निघालोय.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाइलवाल्या पुतण्याचा: गजर लावला की झालं. गजर बोटाच्या एका टोकानं बंद होतो. काकू बंद होत नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे, दोन्ही अर्थांनी. याच आग्रहानं तर माणूस एवढा फुगला, आता पुन्हा त्याच्याच हाती द्यायचा का? लठ्ठपणाचं सगळं खापर पंगतीवर फोडणं बरोबर नाही. अनुवंश, संप्रेरकं, झोप, औषधं, बसकं काम अशी त्याला डझनभर कारणं आहेत. पण वादापुरतं ते मान्य करू. तरी पंगतीतल्या आग्रहाचा दोष आग्रहात नसतो, त्याला माप नसतं हा दोष असतो. त्याच माणसाच्या हातात बादलीऐवजी तीस मिलिलिटरचा पेला द्या. ‘एवढ्यानं काय होते?’ हे वाक्य जन्मात पहिल्यांदा वैद्यकीयदृष्ट्या अचूक ठरतं.

प्रश्न उरतो पेल्यात काय घालायचं, आणि इथं मात्र त्याला मोकळं सोडून चालणार नाही. रोज साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं हवीत. ती कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झडतात, जखम भरायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. त्याचं मोठं कारण झपाट्यानं उतरणारं वजन, पण प्रथिनं कमी पडली असतील तर भर पडते. (‘केस गेले की बाप्पा’ हे पहिल्यांदा जाहीर करणाराही हाच.) ताकदीची त्याची यादी ठरलेली असते: शिरा, डिंकाचे लाडू, साबुदाण्याची पेज, उसाचा रस. यात पिष्ट, तूप, साखर भरपूर, प्रथिनं नावापुरती. साबुदाण्यात तर जवळजवळ नाहीतच. शिवाय याच ऑपरेशनचा बायपास नावाचा दुसरा प्रकार केलेल्या रोग्याला गोड पचत नाही. अन्न आतड्यात धाडकन उतरतं, घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. शहाळं पाणी म्हणून ठीक, प्रथिन म्हणून नाही. वरणाचं पाणी सगळ्यांचं लाडकं, पण पातळ निवळीच्या वाटीत जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिन धरलं तरी साठ ग्रॅमसाठी वीस-तीस वाट्या लागतील, आणि पोट तर केळ्याएवढं. म्हणून डॉक्टर प्रथिनाची पावडर लिहून देतात. तिची किंमत ऐकून आपल्या गृहस्थाचा श्वास अडकतो. ‘एवढ्यात तर म्हैस येते!’ म्हैस येत नाही, पण महागाईचा आक्षेप खोटा नाही. म्हणून ज्या दिवसापासून डॉक्टर दुधाला परवानगी देतात, तेव्हापासून साय काढलेल्या दुधाचा आधार घेता येतो: पेलाभर दुधात सात ग्रॅमच्या आसपास, त्यात दोन मोठे चमचे बिनसायीच्या दुधाची भुकटी घोटली की आणखी चार-पाच. पावडरची गरज त्यानं संपत नाही, डबा मात्र जास्त दिवस पुरतो.

गंमत म्हणजे प्रथिनाच्या बाबतीत हा तालुका गरीब नाही. चहूकडं सोयाबीन उभं असतं. त्याच्या शंभर ग्रॅम दाण्यांत छत्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं. आपण ते पोत्यात भरून बाजार समितीत पोचवतो आणि तेलाचा डबा घेऊन परत येतो. खुद्द लोणार सरोवराचं पाणी ज्यामुळं हिरवं दिसतं ते स्पिरुलिना जातीचं शेवाळ वाळवलं तर निम्म्याहून अधिक प्रथिनच निघतं. हे एकदा आपल्या गृहस्थाच्या कानावर गेलं की तो छाती फुगवून सांगणार, ‘अमेरिकेतून डबे काहून मागवता? आपल्या तळ्यात आहे ना!’ त्याला तिथंच थांबवावं. 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं ते खारं, अल्कधर्मी पाणी पाहण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही. पाणी दिसतं म्हणून प्यावं असं नसतं हे लोणारकराला वेगळं सांगावं लागू नये. तळं समोर असून गोड्या पाण्यासाठी गाव धार नावाच्या झऱ्यावर जात आलं.

मग खरा आक्षेप राहतो: हा माणूस शिकेल का? जेवण सुरू झाल्यावर घासाबरोबर पाणी द्यायचं नाही, अर्धा तास थांबायचं. सोड्याची बाटली नाही, स्ट्रॉ नाही. दोन आठवडे पातळच, मग मऊ मिक्सरमधलं, सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न. एवढे नियम याच्या डोक्यात बसतील? मला वाटतं सहज बसतील. उपासाला भगर चालते पण तांदूळ चालत नाही, शेंगदाणा चालतो पण हरभरा चालत नाही, ही सबंध दंडसंहिता ज्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय पाठ आहे आणि जो दुसऱ्याच्या ताटातली चूक तीन हातांवरून पकडतो, त्याला हा कागद किस झाड की पत्ती. उलट दुसऱ्या आठवड्यात चोरून शेव खाणाऱ्या रोग्याला तोच पकडून देईल, आणि चारचौघांत देईल.

एकच गोष्ट त्याला जड जाईल. रोगी ‘बस’ म्हणाला की खरंच बस करणं. त्या पोटात एक घोट जास्त गेला तर तो तिथं थांबत नाही, आधीचे चार घेऊन बाहेर येतो. आणि उलट्या थांबतच नसतील, लघवी गडद आणि थोडी होत असेल, नाडी पळत असेल किंवा ताप चढला असेल, तर आग्रहाचं काम संपलं, तिथून पुढं सर्जनला फोन. हे दोन नियम पेल्याच्याच बाजूला जाड मार्करनं लिहून ठेवावेत. तोंडी सांगितले तर तो मान डोलावेल, हो म्हणेल, आणि वहिनींना विचारेल शिरा झाला का.