डॉक्टरांची गाडी

सातारा-सांगलीत विकायला निघालेली जुनी डिझेल गाडी कधीच ऐऱ्यागैऱ्याची नसते. ती डॉक्टरांची असते, सिंगल ओनर असते आणि पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाऊन येण्यापलीकडं तिनं जग पाहिलेलं नसतं. १० वर्षांत रनिंग ४५ हजार. एवढ्याशा फिरण्यासाठी जादा पैसे मोजून डिझेल घेणारे हे डॉक्टर हिशेबाला फारच कच्चे म्हणायचे. (दवाखान्याचं बिल मात्र चुकत नाही.)

मारुतीनं २०२० साली डिझेल बंद केलं, तशा जुन्या स्विफ्ट-अर्टिगा भाव खायला लागल्या. दिल्लीत १० वर्षांत म्हातारी ठरलेली डिझेल गाडीही एनओसी घेऊन इकडं आली की तरणीताठी होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्या पुरात एकही गाडी बुडाली नाही, हे एजंटाकडं गेल्यावरच कळतं. तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा पट्टा धुतलेला असतो, आतल्या टोकाला गाळाची रेघ तशीच असते. इंजिन गार असताना स्वतः चालू करा आणि गाडी खंबाटकीवर चढवा. एजंट म्हणेल, "पाव्हणं, विश्वास नाही व्हय?" नाही म्हणून सांगा.