एक टन गारवा

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही लखनौला जातो. तिथे पारा 44 ला टेकलेला असतो, दुपारी लू वाहते, आणि स्टेशनवर उतरताच पुष्पक एक्सप्रेसचा डबा गार होता असं वाटू लागतं.

खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. दुष्काळी भागातली आमची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली. जिथे सराफ कट्टा, तिथल्या एखाद्या बोळात सोनं आटवणारा विट्याकडचा माणूस भेटणारच. आमचे काका लखनौच्या ‘चौक’ भागात पोचले. खाली भट्टी, वर दहा बाय बाराची एक खोली आणि गल्लीवर लोंबणारा सज्जा, एवढ्यात त्यांनी संसार केला. पुढे मुलांनी गोमतीनगरला फ्लॅट घेतले, काकू तिकडे गेल्या आणि वरची खोली रिकामी पडली. तिला ‘आपलं सुट्टीचं घर’ हे नाव आत्याने दिलं. लोणावळ्यात बंगला असलेल्या विहिणीसमोर काहीतरी सांगायला हवं होतं.

तर या सुट्टीच्या घराला एसी घ्यायचा, असा ठराव यंदा झाला. काकांना विचारण्यात अर्थ नव्हता. सोनं 1064 अंशांना वितळतं. ज्या माणसाची हयात त्या मुशीसमोर बसून गेली, तो 44 ला उकाडा म्हणायलाच तयार नाही. “हवा पडलीय जरा,” एवढंच म्हणतो आणि दुपारी वर येऊन तख्तावर घोरतो. चौकातल्या प्रत्येक जुन्या घरात असतं तसं हे भलंमोठं लाकडी तख्त. खोलीतलं एकमेव फर्निचर आणि काकांची एकमेव चैन.

साधा स्प्लिट एसी का नको, तर त्याचं बाहेरचं धूड टांगायला जागा नाही. भिंत लखौरी विटांची. बोटभर जाडीच्या त्या चपट्या विटा चुन्यात बसवून नवाबी लखनौ उभं राहिलं. बडा इमामबाडाही त्यांचाच. काकांच्या भिंतीला खिळा मारला तर खिळा आणि मूठभर चुना दोन्ही हातात येतात. म्हणून चाकांवर फिरणारा पोर्टेबल एसी घ्यायचा. भिंत फोडायची नाही, काही टांगायचं नाही, एक जाड नळी खिडकीतून बाहेर काढायची की झालं.

पुण्याचे भाऊजी कामाला लागले. खोलीत हवा किती, छतावर ऊन किती, माणसं किती, सगळं वहीत उतरवून त्यांनी एक टन हा आकडा काढला. आत्या दचकली. “एक टन? त्या जिन्यावरून? माडी खाली येईल की!” भाऊजींनी समजावलं की हे मशीनचं वजन नाही, ते तीसेक किलोच भरतं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हे मशीन खोलीतून उपसतं. काका पहिल्यांदाच सावरून बसले. “म्हणजे आटणीचंच माप हाय की हे!” त्यांच्या मते एवढ्या चर्चेत तेवढी एकच गोष्ट शहाणपणाची निघाली.

त्याच झोकात भाऊजींनी इमामबाड्याचाही हिशेब केला. नवाब आसफउद्दौलाने 1784 मध्ये दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला. मधला दिवाणखाना सुमारे 50 मीटर लांब, 16 मीटर रुंद आणि मध्ये एक तुळई नाही. दुकानदाराच्या ‘एकशेवीस फुटाला एक टन’ या सूत्राने नवाबाला सत्तर टनांच्या वर एसी लागला असता, तेही पंधरा मीटर उंच छत बाजूला ठेवून. आई म्हणाली, “त्याला नाही लागला ना? मग?” भाऊजींनी वही मिटली.

घेण्याआधी वापरून बघावं म्हणून चुलतभावाने मित्राच्या ऑफिसातला एक उसना आणला. चाकं फरशीवर लोण्यासारखी फिरत होती. जिन्यावर मात्र ती फक्त बोटं चेंगरायच्या कामाची. दोघांनी वरून ओढून, एकाने खालून डोकं लावून मशीन वर नेलं. मग खिडकीचा प्रश्न आला. सोबतची प्लास्टिकची पट्टी सरकत्या काचेच्या खिडकीसाठी बनवलेली, आणि आमच्या खिडकीला दोन लाकडी झडपा नि पाच लोखंडी गज. गजांमधून नळी जाईना. शेवटी ती सज्जाच्या दारातून बाहेर काढली आणि उरलेल्या फटीत आत्याच्या दोन नऊवारी कोंबल्या. जुन्या वायरिंगवर विश्वास नव्हता, म्हणून दुकानातल्या भट्टीच्या पंख्याचा सोळा अँपिअरचा प्लग रिकामा करून त्यावरून लाइन घेतली.

मशीन सुरू झालं. नळीसमोर हात धरला तर बाहेर अक्षरशः भट्टी, समोर बसलं तर खरंच गार. पोरं टाळ्या पिटायला लागली. थोड्या वेळाने सगळ्यांच्या नाकाला एकच वास झोंबला. तेजाब!

एका नळीच्या मशीनचं हेच दुखणं. नळीतून ते बाहेर ढकलतं ती खोलीतलीच हवा. खोली रिकामी राहत नाही. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी फटीफटींतून आत ओढली जाते, आणि आमच्या घरातली सगळ्यात मोठी फट म्हणजे जिना. जिन्याखाली काका सोनं शुद्ध करत बसलेले. त्यांनी पंचवीस वर्षं धुराडं बांधून जो वास गच्चीवर घालवला, तो आम्ही वीज खर्चून माडीवर आणला. भाऊजींचा न्यू जर्सीतला भाऊ फोनवर म्हणाला की म्हणूनच तिकडे खोक्यावर आता दोन आकडे छापतात. चौदा हजार बीटीयू लिहिलेल्या मशीनची खरी ताकद कधीकधी दहा हजारांच्या आसपासच निघते. दोन नळ्यांचं घ्या, एकीने हवा घेतं, दुसरीने सोडतं. इथल्या दुकानांत दोन नळ्यांचं मागितलं तर दुकानदार पाण्याचा पंप दाखवायला लागला.

तेवढ्यात समोरून हाक आली. गल्ली अशी की समोरच्या खालाजान आपल्या खिडकीतून आमच्या पोरांना शीरखुर्म्याची वाटी हातोहात देतात. त्या खिडकीत चिकनचं भरतकाम करत बसतात. मलमलीवर तांदळाएवढी मुर्री, ज्वारीएवढा फंदा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आमची नळी नेमकी त्यांच्या चौकटीवर रोखलेली. मलमल शिडासारखी फुगलेली, आणि खालाजान ती दोन कोपरांनी दाबून धरत म्हणाल्या, “बेटा, हवा तो माशाअल्लाह बहुत उम्दा है. बस, ज़रा गरम है, और हमारी तरफ़ है.”

सांगलीत असती तर शेजारीण ओरडली असती आणि आम्हीही ओरडून मोकळे झालो असतो. इतक्या अदबीने कोणी बोललं की माणसाला बचावाची सोयच राहत नाही. चुलतभावाने उडी मारून मशीन बंद केलं. आम्ही गारवा विकत घ्यायला निघालो होतो. निघालेलं ऊन कुणाच्या दारात टाकायचं हा रकाना भाऊजींच्या वहीत नव्हता. आठ फुटांच्या गल्लीत प्रत्येकाने एकेक नळी बाहेर काढली तर चौकात दुपारी कबाब नुसते खिडकीत धरून भाजता येतील.

मग शहाण्यासारखं बसून ठरलं. दिवसा कूलर. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत वाळ्याच्या जाळीचा कूलर फर्मास चालतो, शिवाय त्याला खिडकी उघडी लागते, म्हणजे खालाजानही दिसतात. काकांनी अत्तरवाल्याकडून खसचा फाया आणून पाण्यात टाकला. जुलैत हवा दमट झाली की कूलर नुसताच घाम आणतो, पण तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात. एसी फक्त रात्री, भट्टी विझल्यावर. आणि नळी गल्लीत न सोडता वर, रोशनदानातून गच्चीकडे.

रोशनदान दहा फुटांवर, नळी जेमतेम पाच फुटांची. लांब नळी जोडायची नाही, असं भाऊजींनी बजावलं. ती स्वतःच तापून खोली तापवते, शिवाय मशीनला दम लागतो. म्हणजे मशीनच उचलायला हवं. एसी आणला, आणि खोलीत उंच, भक्कम असं जे एकमेव होतं त्यावर चढवला. खाली काकूंची लोखंडी ट्रंक घालून नळी बरोबर पोचली. गार हवा तशीही जड, आपोआप खाली येते. आम्ही सगळे फरशीवर सतरंज्या टाकून ओळीने आडवे झालो. कंप्रेसर खोलीतच असल्यामुळे आवाज दळणाच्या गिरणीत झोपल्यासारखा, पण गार!

काका दुकान वाढवून वर आले. दारात उभं राहून त्यांनी तख्ताकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, वर घरघरणाऱ्या मशीनकडे बघितलं.

“ह्याला उशी-बिशी दिलीसा का न्हाय?” एवढं विचारून ते चटई काखोटीला मारून गच्चीवर गेले.