मांड

गावाकडे एचपी विहिरीवर असते. कुणाची मोटर तीनची, कुणाची पाचची, आणि ज्याची साडेसातची त्याचा बांधावर बोलायचा सूरच वेगळा. त्यामुळे कॅलिफोर्नियाहून सुट्टीला आलेल्या भाच्याने ओसरीवर मोबाइल नाचवत "अण्णामामा, नवी एम-५! सातशे सत्तावीस एचपी!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा आमच्या अण्णांनी पानाला चुना लावता लावता मनात भागाकार केला.

"म्हणजे पाचच्या एकशे पंचेचाळीस मोटरी," ते म्हणाले. "एवढं पाणी आहे का त्यांच्याकडे?"

भाचा हसला. मला मात्र प्रश्न पटला.

बीएमडब्ल्यूची पहिली एम-५ १९८५ सालची. २८६ एचपी, वजन सुमारे १,४३० किलो. त्या काळी तेवढ्यावर लोकांचे डोळे पांढरे होत. २०२४ ची नवी एम-५ पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही बाळगते, ७२७ एचपीची आहे आणि भरते २,४३५ किलोच्या आसपास. माझी मारुती ८०० अख्खी साडेसहाशे किलोची. हिशेब केला तर नव्या एम-५ च्या पोटात जुनी एम-५ बसते आणि वर दीड मारुती.

वजन उगाच वाढलेलं नाही, हेही सांगायला हवं. एअरबॅगा आल्या, टक्कर झेलणारा भक्कम सांगाडा आला, बॅटरी आली. माझ्या ८०० मध्ये सुरक्षेची साधनं दोनच: डॅशबोर्डवरचा गणपती आणि मागच्या सीटवरून "हळू चालव" म्हणणारी आई. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. पण पुढचा प्रकार लग्नाच्या यादीसारखा होतो. माणसं वाढली म्हणून मोठं कार्यालय घ्यायचं, आणि मोठं कार्यालय घेतलंच आहे तर आणखी माणसं बोलवायची. वजन वाढलं म्हणून ताकद, ताकद वाढली म्हणून रुंद टायर आणि परातीएवढे ब्रेक, ते आले म्हणून पुन्हा वजन.

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांचा जन्म गाडीतून काही ना काही काढून टाकण्यात गेला. त्यांच्या मागे, १९९६ साली आलेली लोटसची एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती. आज त्याच लोटसची एलेट्रे अडीच टनांच्या घरात आहे. चॅपमन १९८२ सालीच गेले, एका परीने सुटले.

मुळात हे एचपीचं माप निघालं ते विक्रीसाठी. घोड्यांवर कामं चालवणाऱ्या गिऱ्हाइकांना आपलं वाफेचं इंजिन किती जनावरांचं काम करतं, हे जेम्स वॉटला पटवायचं होतं. त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा एक घोडा ठरवून टाकला. खरा घोडा इरेला पेटला तर थोडा वेळ दहा घोड्यांचंही काम करतो, पण ते जाहिरातीत कसं बसवणार? तेव्हापासून आकडा फुगतोच आहे आणि घोडा कुणाला दिसत नाही.

मला तो एकदा दिसला. याच भाच्याकडे १९९० ची एक जुनी माझ्दा मियाटा आहे. दोन माणसांपुरती, टपाची, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारी. ११६ एचपी, वजन हजार किलोच्या आत. कॅलिफोर्नियात वुडसाइडच्या वरच्या डोंगरात स्कायलाइन बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे, तिथे त्याने किल्ली माझ्या हातात दिली. उलट्या बाजूचं स्टिअरिंग. पहिल्या वळणावर माझा डावा हात सवयीने गिअरकडे गेला आणि गिअर म्हणून मी काच खाली करायचा दांडा घट्ट धरला. वळण गेलं, काच उतरली, भाच्याने डोळे मिटले.

चौथ्या-पाचव्या वळणापासून मात्र गंमत सुरू झाली. डांबरावरची खडी तळहाताला कळू लागली. पुढचं चाक कुठे आहे, मागचं काय म्हणतंय, सगळं बुडाखालून समजत होतं. वेग म्हणाल तर आपल्याकडची एसटीही मागून हॉर्न मारेल इतका. माझ्दावाले याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. जपान्यांना त्यासाठी दोन शब्द लागले. आपल्याकडे एकच आहे: मांड. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं काही देखणी नव्हती, पण घाटवाटेने अंधारात उतरताना स्वाराच्या मांडीला तट्टाचं मन कळायचं. ते उंचीने मिळत नाही.

घरी परतल्यावर आम्ही त्याच्या रोजच्या विजेच्या गाडीत बसलो. सिग्नल हिरवा झाला, सकाळचा उपमा पाठीला टेकला, आणि पुढच्या सिग्नलला आम्ही पुन्हा उभे. गाडीत शेकडो घोडे आणि सगळे रांगेत, रेशनच्या दुकानासमोर असावेत तसे. ती एम-५ शून्यावरून शंभरला साडेतीन सेकंदांत जाते म्हणे. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला मर्यादा शंभरचीच. साडेतीन सेकंदांत मजा संपली, पुढचे नव्वद किलोमीटर नुसतं बसायचं.

माझ्या ८०० चे घोडे ३७. एकदा वाईहून पसरणी घाट चढत पाचगणीला लग्नाला निघालो होतो; चार माणसं, डिकीत रुखवत, बायकोच्या मांडीवर साखरेचा ताजमहाल. दुसऱ्या वळणाला गाडीचा आवाज बसला. न सांगता सगळ्यांचे हात एकाच बटणाकडे गेले: एसी बंद. मग तिसऱ्यातून दुसऱ्यात, पाय तळाला, आणि तिन्ही सिलिंडर कोरसमध्ये. त्या घाटात एकही घोडा बसून नव्हता. वर पोचलो तेव्हा आम्हीच गाडी ओढून आणल्यासारखे घामाघूम, आणि ताजमहालाचा फक्त एक मिनार गेलेला.

"अजून चालू आहे ती ८००?" ओसरीवर भाच्याने विचारलं.

पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून घेतलेली ती गोठ्याशेजारी उभी होती. तो किल्ली घेऊन वाईला दूध आणायला म्हणून गेला. जायला दहा मिनिटं, यायला दहा. दीड तास झाला तरी पत्ता नाही. बहिणीने चहाचं आधण दोनदा उतरवलं.

आला तो शर्ट पाठीला चिकटलेला, चारही काचा खाली. अण्णांनी विचारलं, "का रे, मोटर जळली काय?"

"नाही मामा. घाटात जाऊन आलो. दोनदा."

"आणि दूध?"

त्याने कपाळाला हात लावला आणि पुन्हा किल्ली उचलली.