बंद गाड्यांचे आप्पा

आप्पांच्या मते जगात चांगल्या गाड्या दोनच. एक, जी आप्पांनी विकून टाकली ती. दुसरी, जी कंपनीनं बनवायची बंद केली ती. शोरूममध्ये उभी असलेली, हप्त्यावर मिळणारी, पेपरात जिची पानभर जाहिरात येते अशी गाडी त्यांच्या लेखी अजून गाडीच झालेली नसते. "पत्रा बघ की, अंगठ्यानं दबतोय," म्हणत ते तिच्या दारावर अंगठा दाबतात आणि सेल्समनचा चेहरा पडला की समाधानानं त्याच्याच खर्चानं चहा घेतात.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावात आप्पा एक नाहीत. बेदाण्याच्या सौद्याला मार्केट यार्डात एक भेटतात, गणपती मंदिराच्या गोपुरासमोर दुसरे, आणि फिटरच्या दारात जुन्या टायरवर बसलेले किमान दोन. गाव सावळज असो नाहीतर मणेराजुरी, आडनाव कुठलंही असो. वय साठीच्या आसपास, तीन-चार एकर द्राक्षबाग, आणि आजवर वापरलेल्या सगळ्या गाड्या डिझेलच्या, सात-आठ माणसं बसणाऱ्या. पेट्रोलची गाडी त्यांच्या हिशेबी डॉक्टर लोकांसाठी असते.

एवढी मोठी गाडी कशाला, असं त्यांना कुणी विचारत नाही. फ्रान्समध्ये १९८४ साली रेनो कंपनीनं 'एस्पास' ही कौटुंबिक गाडी काढली, तेव्हा तिकडचं कुटुंब म्हणजे आई, बाप, दोन-तीन पोरं आणि सुट्टीचं सामान. तासगावात हा हिशेब बसत नाही. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, तेव्हा लेक येते, जावई येतो, जावयाची आई येते आणि तिच्याबरोबर 'सहज' म्हणून आलेली तिची बहीण असते. रथ दोरखंडानं ओढायला माणसं लागतात, तशी ती घरून मंदिरापर्यंत आणायलाही गाडी लागते. शिवाय सात सीटर म्हणजे मोठी माणसं सात. पोरं मोजायची नसतात.

आप्पांचं शिक्षण वडापात झालं. सातारा-सांगलीकडं ज्याला वडाप म्हणतात, ती प्रवासी भरून निघणारी गाडी त्यांच्या तरुणपणी बहुधा बजाज टेंपोची ट्रॅक्स असायची. पुढं २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आप्पा ते मान्य करत नाहीत. तासगावहून सांगलीकडं जाताना कुमठे फाट्यापर्यंत ट्रॅक्समध्ये किती माणसं बसली होती, याचा आकडा ते दरवेळी वेगळा सांगतात. एक गोष्ट मात्र कधी बदलत नाही. गाडी बंद पडली तर मागच्यांनी उतरून ढकलायची आणि पुढच्यांनी सल्ला द्यायचा, असा रिवाज होता. आप्पा पुढं बसायचे.

मग १९९४ मध्ये सुमो आली. टाटांच्या मोटार कंपनीला आकार देणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं, हे आप्पा नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. पुढं मुळगावकर ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवायचे, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्टही सांगतात, आणि ती अशी, की शेजारच्या बाजेवर आप्पाच बसले होते असं वाटावं. प्रत्यक्षात मुळगावकर सुमो येण्याच्या पाच वर्षं आधीच, १९८९ मध्ये वारले. सुमोचं सुरुवातीचं इंजिन दोन लिटरचं, बिनटर्बोचं. चढाला ती दमायची आणि आवाज एवढा करायची, की मधल्या सीटवरचं भांडण मागच्या सीटला ऐकू जात नसे. आप्पा ही तिची जमेची बाजू मानतात. २०१९ मध्ये सुमो बंद झाली, त्या दिवसापासून तिचे सगळे दोष गेले.

क्वालिसचंही तेच. टोयोटानं ती २०००च्या सुरुवातीला आणली आणि चांगली खपत असताना २००५ मध्ये बंद करून तिच्या जागी इनोव्हा उभी केली. जुन्या क्वालिसवाल्यांनी हा घाव अजून विसरलेला नाही. इनोव्हा आली तेव्हा "ही साहेबांची गाडी, शेतकऱ्याची न्हवं," असं आप्पांचं मत होतं. पुढं त्यांनी स्वतः इनोव्हा घेतली, सहा-सात वर्षं वापरली, विकली आणि आता तिच्याविषयी बोलताना त्यांचा गळा दाटतो. टव्हेराची कहाणी वेगळी. २०१३ मध्ये जनरल मोटर्सनं उत्सर्जनाच्या नियमांच्या कारणावरून १ लाख १४ हजार टव्हेरा परत बोलावल्या. २०१७ च्या अखेरीस तर कंपनीनं भारतात गाड्या विकणंच थांबवलं. आप्पांचा निकाल: "धुराचं काय घेऊन बसलायस? तिचं इंजिन इसुझूचं हाय." इंजिन इसुझूच्या घराण्यातलं होतं, हे खरंच आहे. धुराचं काय घेऊन बसायचं नाही, हे खरं नाही.

ॲव्हरेज हा आप्पांचा सगळ्यात लवचीक विषय. गाडी दारात असते तेव्हा ती बाराचं देते. विकायला काढली की चौदाचं. विकून पाच वर्षं झाली की "ती लेका घाटात सोळाचं द्यायची." टाकी काठोकाठ भरायची, चालवायची, पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करायचा, ही रीत त्यांना ठाऊक आहे. भागाकारावर त्यांचा विश्वास नाही, एवढंच.

त्यांना नुसतं थापाडं म्हणून निकालात काढता येत नाही, कारण धुराच्या बाबतीत हा माणूस पक्का आहे. एखादा भाचा जुनी बोलेरो घेऊन आला, की आप्पा मागं जाऊन उभे राहतात. धूर काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी: आधी एअर फिल्टर बघ, मग टर्बोकडून येणारा रबरी पाइप फाटलाय का बघ, मग इंजेक्टर. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ चालतो. स्टार्ट व्हायलाच त्रास देत असेल तर ग्लो प्लग तपास. पण गाडी गरम झाल्यावरही पांढराच येतोय आणि कुलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटचं नाव घ्यायला हरकत नाही. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. टर्बोचं सील असेल, नाहीतर रिंगा. रिंगा असतील तर खर्च मोठा.

मग ते बोनेट उघडायला लावतात. इंजिन चालूच. खिशातला पंचाचा तुकडा काढून ऑईलचं झाकण फिरवतात आणि तेच झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवतात. सगळे वाकून बघतात. झाकण जरासं थरथरलं तर आप्पा मान हलवतात. टुणटुण उड्या मारून बाजूला पडलं, की ते हळूच म्हणतात, "बॅक मारतंय." सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोय, असा त्याचा अर्थ. ही चाचणी काही प्रयोगशाळेतली नाही आणि प्रत्येक इंजिनाला सारखी लागूही पडत नाही. तरी दहा पैसे खर्च न करता एवढी माहिती देणारी दुसरी चाचणी फिटरकडंही नाही. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दिवाळीला आणि जत्रांना आप्पांची खरी परीक्षा असते. सोन्या-चांदीच्या गलाईत असलेली या भागातली माणसं केरळापासून काश्मीरपर्यंत पसरलेली आहेत आणि ती गावी येतात ती तमिळनाडू, केरळ, आंध्रच्या पासिंगच्या गाड्या घेऊन. कोइमतूरहून सुमारे हजार किलोमीटर गाडी हाकून आलेला गलाईवाला सांगलीच्या एमएच-१० वाल्याच्या सल्ल्याला सहसा भीक घालत नाही. "आप्पा, तीन लाख किलोमीटर झालं, क्लच सोडून काय बदललं न्हाय," असं तो म्हणतो. आप्पा गप्प राहत नाहीत. जुन्या इनोव्हाच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, हे त्यांना माहीत आहे. "बेल्ट कधी बदललास?" एवढंच विचारतात. गलाईवाल्याची रात्रीची झोप जाते. त्या एका प्रश्नानं आजवर किती इंजिनं वाचली असतील, त्याचं श्रेय आप्पांना द्यायलाच हवं.

१ एप्रिल २०२० रोजी उत्सर्जनाचे बीएस-६ नियम आले आणि आप्पांच्या साम्राज्याला तडा गेला. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसला. धूरच दिसेना, मग वाचायचं काय? हा फिल्टर साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगात चालावी लागते. घर ते बाग तीन किलोमीटर आणि बाग ते घर तीन किलोमीटर, एवढंच फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफ चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. यावर आप्पांनी काढलेला तोडगा कंपनीच्या पुस्तकातल्या तोडग्याच्या फार लांब नाही: "हायवेला काढ. खालच्या गेअरात, दोन-अडीच हजार आरपीएमवर, वीस मिनिटं." औदुंबर त्याला पुरत नाही, नरसोबाची वाडी पुरते, ज्योतिबा उत्तम. परिणामी बऱ्याच घरांत तो दिवा शुभ मानला जाऊ लागला आहे. मंडळी विचारतात, "दिवा लागलाय का बघा की. लई दिवस वाडीला गेलो न्हाय."

युरियाच्या बाबतीत मात्र आप्पांनी आख्ख्या तालुक्याचं भलं केलं. नव्या बऱ्याच डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचं पाणी वेगळ्या टाकीत घालावं लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. ते संपलं तर गाडी आधी इशारे देते आणि शेवटी पुन्हा स्टार्ट व्हायला नकार देते. द्राक्षवाल्याच्या मनात जे यायचं ते आलंच: "आप्पा, युरियाची दोन पोती घरात पडल्यात की." आप्पा ताडकन उठले. "४५ किलोचं त्ये पोतं नीमकोटेड हाय. कडुलिंबाचं त्याल लावलेलं. बागंला घाल, गाडीला न्हाय." २०१५ पासून देशात युरियाला कडुलिंबाचा लेप सक्तीचा आहे. तो द्रावणात गेला तर फवारणीची बारीक नळी आणि पुढचं महागडं यंत्र, दोन्ही निकामी. कंपनीच्या इंजिनिअरला जे अर्ध्या तासात पटवता आलं नसतं, ते शेतीच्या एका वाक्यानं मिटलं.

आप्पांचा पराभव झाला तो पान्यानं. जुन्या सुमो-ट्रॅक्सला एखादं सिलिंडर मार खात असेल, तर चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपाचे नट एकेक करून सैल करायचे. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, ते सिलिंडर मेलेलं. रीत बिनचूक होती. एका कॉमन रेल इंजिनावर आप्पांनी सतराचा पाना लावला, तेव्हा फिटरच्या विशीतल्या पोरानं त्यांचा हात धरला. "आप्पा, पाना खाली ठेवा." या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि त्या दाबाची बारीक धार हाताची कातडी फोडून आत शिरते. पोरानं स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला, मोबाइलवर बघितलं आणि तिसऱ्या इंजेक्टरचं नाव सांगितलं. आप्पा दोन दिवस त्या दारात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पोराला म्हणाले, "तिसराच असणार, मला आवाजावरनं वाटलंच हुतं." असेलही.

मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तेव्हापासून डिझेल अर्टिगाविषयी आप्पांचं मत झपाट्यानं सुधारत आहे.

तेव्हा तासगावात किंवा सांगलीच्या बाजारात जुनी डिझेल सात सीटर बघायला जाणार असाल तर मालकाला न सांगता भल्या सकाळी जा. आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी ती स्टार्ट करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड असेल तर तुमच्यासमोर पहिला स्टार्ट मारायला सांगा, धूर बघा, ऑईलचं झाकण उलटं ठेवा, सर्व्हिसचे कागद आणि आरसी बुक मागा. पाना लावू नका, स्कॅनर लावून घ्या. आप्पांना बरोबर न्यायचं तर जरूर न्या. भाव ठरेपर्यंत तेवढं त्यांना बोलू देऊ नका.