कानकुनचं पॅकेज

कानकुनच्या सुट्टीचं नियोजन करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: ते शहरच मुळी नियोजनातून जन्मलं आहे. १९७० च्या आसपास मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या साहेबांनी डॉलर कुठून येतील याचा हिशेब मांडला आणि जवळजवळ निर्मनुष्य अशा वाळूच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. बँकेने वसवलेलं गाव. खिसा हलका होणारच.

विमानतळाच्या दारातच गोडबोले भेटतात. टॅक्सी हवी? नकाशा? चिचेन इत्झाच्या माया अवशेषांची सहल निम्म्या दरात? अट एवढीच, की उद्या फुकटचा नाश्ता करता करता टाइमशेअरचं, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा गळ्यात मारायचं, पुराण ऐकायचं. दीड तासाचं म्हणून सुरू झालेलं हे पुराण दुपारच्या जेवणापर्यंत चालतं, आणि ‘नाही’ म्हटलं की आणखी मोठे साहेब आणखी मोठी सूट घेऊन हजर होतात.

सुटलात तर हॉटेल. मनगटाला पट्टा अडकवला की खाणंपिणं ‘फुकट’. मग पैसे वसूल करायला माणूस सकाळी दहालाच मार्गारिटा मागवतो आणि मेक्सिको बघायचा राहून जातो. तिथला समुद्रकिनारा कायद्याने सगळ्यांचा. फक्त हॉटेलांच्या रांगेतून तिथवर जायची बोळ सापडली पाहिजे. वाळूही शहरासारखीच नियोजनातली. २००५ साली विल्मा वादळाने ती नेली, तर समुद्रतळातून उपसून नवी अंथरली.

उन्हाळ्यात गेलात तर सरगासम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ ढिगाने किनाऱ्याला लागतं. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास. जाहिरातीतल्या फोटोत ते दिसत नाही, पण पॅकेजमध्ये धरलेलं असतं.