चलनात नसलेले आबा

असा एक माणूस तुमच्याही गावात असणारच. लग्नाच्या पंगतीत नेमका शेजारी बसतो आणि वरणभात वाढायच्या आत खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातली परदेशी नोट काढतो. आमच्या तुळजापुरात हे खातं आबांकडे आहे. मंदिराच्या वाटेवर त्यांचं कुंकू, परड्या आणि कवड्यांच्या माळांचं दुकान आहे, असं गिऱ्हाइकांना वाटतं. आबांच्या मते ते नोटांचं प्रदर्शन असून माळा नाइलाजानं टांगल्या आहेत.

"मागं बघा!" हे त्यांचं पालुपद. नोटेचं तोंड सरकारचं, गोष्ट पाठीवर, हा सिद्धांत. एकदा दर्शनाच्या रांगेत त्यांनी मला हे असं दरडावलं, की सगळी रांगच मागे वळली आणि तेवढ्यात विजापूरकडची एक मावशी चार माणसं ओलांडून पुढे सटकली. नोट झिंबाब्वेची होती, शंभर ट्रिलियन डॉलरची. एकावर चौदा शून्यं, म्हणजे आपल्या जुन्या मोजणीत एक जलधी. 2009 साली आली आणि त्याच साली निकामी झाली. मागे धबधबा आणि रानरेडा. महिषासुरमर्दिनीच्या दारात रेड्याचं चित्र मिरवणारा हा एकच भक्त.

पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे निघालेल्यांना ते ब्रह्मदेशाचा हुकूमशहा ने विन याची गोष्ट सांगतात. त्याला नऊ आकडा लाभायचा. 1987 मध्ये त्यानं 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा रातोरात रद्द केल्या, बाजारात आणल्या 45 आणि 90 च्या. लोकांची बचत बुडाली. "ग्रह त्याचे, साडेसाती लोकांला. मागं बघा!"

झैरच्या नोटेला मात्र पालुपद लागत नाही. 1997 मध्ये तिथला हुकूमशहा मोबुटू पळाला, तेव्हा उरलेल्या नोटांवरचं त्याचं तोंड भोक पाडून उडवलं होतं. चौकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला, की आबा ती नोट डोळ्याला लावून त्या भोकातून फ्लेक्स न्याहाळतात. काही बोलत नाहीत.

एका गिऱ्हाइकाला ते समजावत होते, की या कवड्या म्हणजे एके काळचं चलनच. गिऱ्हाईक म्हणालं, "मग माझ्या गळ्यातल्या चार कवड्या घ्या अन् नवी माळ द्या." त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं.

खरं सांगायचं तर मी त्यांना टाळायचो. मग एका दुपारी त्यांनी गल्ल्याखालून निजामाची नोट काढली. हाली सिक्क्याची, दहाची. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम छापलेली. सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मिळायचे. 1959 मध्ये हाली बंद झाली. आजोबांनी ती नवसासाठी बाजूला काढली होती. सगळे बदलून घ्यायला धावले, तेव्हा ते म्हणाले, देवीला बोललेला पैसा बदलायचा नसतो. नवस फेडायचा राहिला, आजोबा गेले, नोट उरली.

आबा एवढंच सांगून थांबले. मागं बघा म्हणाले नाहीत. मीच उलटून पाहिली.

"पेटीत का टाकत नाही, आबा?"

"टाकली असती. पण मोजणारे निसता आकडा बघतेत."

मग मी माळेच्या हिशेबातले माझे दहा रुपये मागितले. सुट्टे नव्हते.